निळे ठसे

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये, देवाच्या फोटोखाली, दोन चार्ट पेपर सेलोटेपनं चिकटवलेले आहेत. एकावर निळे चौकोनी ठिपके आहेत, सुटे सुटे, मध्ये भरपूर पांढरी जागा सोडून. दुसऱ्यावर एकच लांबट डाग आहे, माझ्या तळहातापेक्षा थोडा लहान, त्यातून तिरक्या गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा. नवा गिऱ्हाईक आला की विचारतो, पोरानं रंगवलंय का? मी सांगतो, टायरचे ठसे आहेत. एक मातीतल्या गाडीचा, एक रस्त्यावरच्या गाडीचा.

जुन्या लेथ आणि मिलिंग मशिनी दुरुस्त करायचं आमचं काम. झिजलेला बेड पुन्हा सपाट करताना आम्ही डोळ्यावर भिस्त ठेवत नाही. सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटाला, ब्लू नावाच्या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, ती बेडवर टेकवून हलकेच सरकवायची आणि उचलायची. जिथं निळं लागलं तिथंच धातू धातूला टेकलाय, बाकी सगळा भाग हवेत. मग स्क्रॅपर घेऊन तेवढंच घासायचं, पुन्हा ब्लू, पुन्हा घास. शेडमध्ये याला ब्लू मॅचिंग म्हणतात. हेच मी एके दिवशी टायरला करून बघितलं, पण त्याआधी माझा घोटा दुखावला होता, तिथून सांगायला हवं.

मी मोटारसायकल घेऊन मातीत उतरलो २००३ साली, बावीस वर्षांचा असताना. दिवे, मडगार्ड काढून टाकलेली यामाहाची आरएक्स १०० होती. १९९६ साली ती बनायची बंद झाली, पण कोल्हापुरात तिचे मिस्त्री आणि तिचे वेडे कधी कमी पडले नाहीत. टोप गावच्या बाजूला बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, त्यांच्या काठानं मुरमाड माळ. रविवारी पहाटे गाडी टेम्पोत चढवायची, पट्ट्यांनी आवळायची, माळावर उतरवायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चढ, उतार, वळणं, उड्या. पुढं फक्त मातीसाठीच बनवलेली जुनी कावासाकी घेतली. असल्या गाडीला आरटीओचा नंबर मिळत नाही, त्यामुळं रस्त्यावर तिचं चाक टेकवायची सोयच नाही. घरी आणि शेडला जायला स्कूटर होती. वीस वर्षं असंच चाललं.

मला काहीच कमी नव्हतं. फक्त एका पावसाळ्यात टेम्पोतून खाणीकडं जाताना समोरून रेनकोट घातलेली दोन माणसं मोटारसायकलवरून गेली, मागं बॅग बांधलेली, आणि माझ्या लक्षात आलं की घराच्या दारातून निघून कुठंतरी लांब जाऊन परत दारात येणं, हे मी मोटारसायकलवर कधी केलंच नाही. माझी सगळी वीस वर्षं एका खाणीच्या काठानं गोल फिरण्यात गेली होती. गगनबावडा, आंबा घाट, दाजीपूर, सगळं मी एसटीच्या किंवा टेम्पोच्या काचेतून पाहिलेलं. आणि लग्नाला अठरा वर्षं झाली तरी बायको माझ्या मोटारसायकलवर कधी बसली नव्हती. मातीतल्या गाडीला मागची सीटच नसते.

गाडी घ्यायची म्हटल्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच. “भावा, तुला काय शिकायचं राहिलंय? तू खाणीत उड्या मारणारा माणूस. डांबर म्हणजे तुला गुळगुळीत फरशी.” मलाही ते पटत होतं. शेडमधल्या एका पोरानं त्याची केटीएमची ३९० ड्यूक मोटारसायकल दिली, म्हणाला, पन्हाळ्याला जाऊन या.

वाघबीळवरून पन्हाळ्याचा रस्ता फुटतो आणि चढ लागतो. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत मी खुशीत होतो. मग एक डावं वळण आलं, आतल्या कडेला थोडी बारीक खडी पसरलेली. मी वेग फार घेतला नव्हता, पण खडी दिसली आणि वीस वर्षांची सवय माझ्याआधी कामाला लागली. अंग ताठ राहिलं, गाडी मी अंगाखाली आत दाबली आणि डावा पाय सरळ करून पुढं टाकला.

मातीत हे बरोबर असतं. जाड बूट जमिनीवरून घसरत जातो, गाडी आणखी कलंडली तर पायाचा टेकू मिळतो. पण डांबरावर माझ्या बुटाचा रबरी तळ घसरला नाही. तो धरला. गाडी पुढं जात होती, पाय तिथंच राहिला, आणि टाच मागं ओढली जाऊन घोटा पायदानाखाली पिळला गेला. त्या कळेनं उजव्या हाताची मूठ सैल पडली, गाडी उभी झाली आणि सरळ समोरच्या बाजूला गेली. त्या वेळी वरून कुणी उतरत नव्हतं. कठड्यापाशी थांबलो तेव्हा इंजिन चालू होतं, माझा पाय थरथरत होता, आणि दरीतून बांबूचं बेट वाऱ्यानं करकरल्याचा आवाज येत होता. पाच मिनिटं मी उतरलोही नाही.

तीन आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. त्या दिवसांत आप्पा रोज संध्याकाळी येऊन बसायचे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, आता अठ्ठ्याहत्तरचे, तरुणपणी गंगावेश तालमीत घुमलेले. काय झालं, कसं झालं, सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं, पाय कुठं टाकला होता ते मला कॉटवर बसल्या बसल्या करून दाखवायला लावलं, आणि म्हणाले, “मातीत पाय रुततोय. मॅटवर चिकटतोय. तू मातीचा डाव मॅटवर टाकलास.”

तालमीतली माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती रोज फावड्यानं खणून मऊ केलेली असते. पैलवान पडतो तेव्हा ती त्याला झेलते. पाय टाकला की जरा आत जातो, मग धरतो. आप्पा सांगत होते की पहिल्यांदा मॅटवर उतरलेल्या पोराचं सगळं गणित चुकतं, कारण मॅट लगेच उत्तर देते. पवित्रा बदलायला मातीत जो अर्धा क्षण मिळतो, तो मॅटवर मिळत नाही. शिवाय मातीत चीतपट होईपर्यंत कुस्ती चालते, तर मॅटवर घड्याळ आणि गुण. मातीत दम धरून वाट बघायला शिकलेल्या माणसाला तिथं वाट बघून चालत नाही.

मग साहजिकच खाशाबांचा विषय निघाला. कोल्हापुरात कुस्तीवर बोलताना तो निघतोच. खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ही गोष्ट आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असते. आप्पांना मात्र त्या मधल्या चार वर्षांबद्दल बोलायचं होतं. “एवढा मोठा पैलवान,” ते म्हणाले, “पण परत शिकायला बसलाच की.”

प्लॅस्टर निघाल्यावर पहिलं काम मी ब्लूचं केलं. कावासाकीचं पुढचं चाक होइस्टवर उचललं, त्याच्या बटण टायरला, म्हणजे उंच रबरी गाठींच्या टायरला, ब्लूचा हात दिला, खाली सरफेस प्लेटवर चार्ट पेपर ठेवला आणि मी वर बसून गाडी हळूच टेकवली. मातीत असते तेवढीच हवा, १३ पीएसआय. उचलल्यावर कागदावर उमटले ते सुटे चौकोन. मग त्या पोराची ड्यूक आणली. ११०/७० मापाचं १७ इंची पुढचं टायर, २९ पीएसआय हवा. तिचा हा एकसंध डाग.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत होतो. मुरमाड मातीत बटणं आत घुसतात. त्यांचे माथे, बाजू, मधली भरलेली माती, सगळं मिळून काम करतं, आणि पकड हळूहळू येते, हळूहळू सुटते. चाक सरकायला लागलं की मूठ, कंबर, पाय सगळं आधी सांगतं. डांबरात काहीच घुसत नाही. तिथं फक्त जेवढं निळं तेवढंच खरं. बटण टायर डांबरावर कलंडवला तर उभी बटणं खोडरबरासारखी वाकतात. गुळगुळीत टायर तसा डगमगत नाही, तो पुष्कळ धरतो, मातीत कधी मिळणार नाही इतकं धरतो. पण त्याची हद्द आली की सांगायला त्याच्याकडं फार वेळ नसतो. माझं सगळं शिक्षण सरकणाऱ्या चाकावर झालेलं आणि इथं चाक सरकूच द्यायचं नव्हतं.

इथून पुढं गाडी निवडणं मला सोपं गेलं, जरी त्यात चार महिने गेले.

सगळ्यांनी माझ्यासाठी ठरवलेली गाडी होती हिरो एक्सपल्स. मीही तिच्यावर बसल्याबरोबर घरी आल्यासारखा झालो. पुढचं चाक २१ इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, उंच सीट, रुंद हँडल, उभं राहून चालवायला हातापायांची जागा बरोबर. राधानगरीच्या आत जंगलाकडच्या वाडीवर राहणाऱ्या माणसानं डोळे झाकून घ्यावी अशी गाडी. पण ती घेतली असती तर मी डांबरावरही मातीतलाच राहिलो असतो. पाय पुन्हा पुढं गेला असता. मला अशी गाडी हवी होती जिच्यावर बसलं की अंगाला कळेल, हे काहीतरी वेगळं आहे.

बायकोचा जीव रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० वर. कोल्हापुरात बुलेटला नाही म्हणणं जड जातं, आणि तिचा तो संथ ठोका मलाही आवडतो. पण १९५ किलो. माझी मातीतली गाडी जेमतेम शंभराच्या घरातली, पडली तर एका हातानं उचलायची. नव्यानं शिकताना वजनाशी झगडायला नको वाटलं. होंडाची हायनेस सीबी ३५० जरा हलकी, १८१ किलो, कमी फेऱ्यांवर मऊ ओढणारी. ती जवळजवळ घेतलीच होती. पण तिची पायदानं पुढं आहेत, खुर्चीत बसल्यासारखं होतं. मला पायदानांवर भार देऊन गाडी कळते, ती सवय मोडायची इच्छा नव्हती. चांगल्या सवयीही असतात.

चालवायला मनापासून आवडली ती ट्रायम्फ स्पीड ४००. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. ३९८ सीसी, ४० पीएस ताकद. तिला नाही म्हणायचं कारण माझ्या उजव्या मनगटात आहे. मातीत चढाला लागलं की आपण मूठ भरपूर पिळतो, कारण निम्मी ताकद माती खाते, चाक गरगरतं, खडे उडतात आणि उरलेली ताकद गाडीला पुढं नेते. डांबर काहीच खात नाही. जेवढं पिळलं तेवढं सगळं पुढं. माझं मनगट अजून मातीचा हिशेब करत होतं आणि ४० पीएसवर ती चूक महागात पडली असती. दोन-तीन वर्षांनी मी ती घेईनही.

एका शोरूममध्ये तर राग आला. चाचणीसाठी अर्धा किलोमीटर सरळ रस्ता, मागं त्यांचा माणूस बसलेला, यू टर्न घेऊ दे म्हटलं तर नको म्हणाला. मग रंग कोणते आहेत ते दाखवायला लागला. मोटारसायकल सरळ जाताना सगळ्याच चांगल्या असतात. ती कळते हळू वळताना आणि जोरात थांबताना, आणि या दोन्ही गोष्टी करून बघायला मिळत नसतील तर लाखांच्या वर पैसे कशावर मोजायचे?

शेवटी घेतली ती सुझुकी जिक्सर २५०. २४९ सीसी, ऑइल कूल्ड, २६.५ पीएस, १५६ किलो. दोन्ही चाकं १७ इंची, पुढचं टायर त्याच ११०/७० मापाचं ज्याचा ठसा भिंतीवर आहे. आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, दोन्ही चाकांना. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, पण पुष्कळ गाड्यांवर ते फक्त पुढच्या चाकाला असतं. माझ्यासारख्याला मागचं चाक जास्त महत्त्वाचं. मातीत मी मागचा ब्रेक ब्रेक म्हणून वापरतच नाही, तो माझा सुकाणू आहे. चाक लॉक करायचं, शेपूट फिरवायची, वळणातून बाहेर. हे उजव्या पायाला इतकं पाठ आहे की घाबरलो तर तो तेच करणार. त्या पायाला आवरणारं काहीतरी गाडीतच असायला हवं होतं.

मुलगा नाराज झाला. “पप्पा, लोक काय म्हणतील, एवढा रायडर आणि अडीचशे?” मी त्याला शेडमध्ये नेऊन दोन्ही कागद दाखवले. त्याला ते पटलं असं नाही म्हणता येणार, पण ठसे मात्र त्यानं मोबाइलवर काढून नेले.

गाडी दारात आल्यावर पंधरा दिवस रोज सकाळी सहाला मी शेंडा पार्ककडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. खडूनं रेघ मारायची, ४० च्या वेगानं यायचं, रेघेवर ब्रेक, मग टेपनं मोजायचं. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी १८ मीटर जायची. दोन्ही ब्रेक लावले तर सुरुवातीला १३, आणि पुढचा ब्रेक आधी हलका धरून, फोर्क, म्हणजे पुढचा शॉकॲब्सॉर्बर, दबला की मग आवळायचा, हे जमायला लागल्यावर ९. मातीच्या उतारावर पुढचा ब्रेक म्हणजे तोंडावर पडायची हमी, म्हणून माझी दोन बोटं त्या लिव्हरला नेहमी भिऊन असायची. ती भीती जायला सहा-सात दिवस लागले. गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि तो निळा डाग मोठा होतो, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तेव्हा बोटं धीट झाली.

वळायचं तर पहिल्यापासून शिकावं लागलं. अंग आता आत, गाडीच्याही आधी. पाय पायदानावर, अजिबात हलवायचा नाही. आणि डावीकडं जायचं असेल तर हँडलची डावी बाजू पुढं ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण जरा वेग असला की दोन चाकांची गाडी अशीच कलंडते. मी वीस वर्षं नकळत थोडंफार करतच असणार, पण मातीत गुडघे आणि कंबरेचं काम इतकं असतं की हाताकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. एका सकाळी नुसत्या डाव्या तळहातानं हळूच दाब दिला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आत वळली. मी तिथंच गाडी थांबवली. चाळिशी उलटल्यावर असं काही नवं अंगाला कळणं, त्याचा आनंद मला कुणाला सांगताही येईना, म्हणून आप्पांना फोन केला. ते म्हणाले, “जेवायला ये.”

नजरेचंही तसंच. माळावर मी पुढच्या दहा मीटरांतला दगड बघत असे. रस्त्यावर ६० च्या वेगानं सेकंदाला जवळजवळ १७ मीटर मागं पडतात, म्हणजे तो दगड दिसेपर्यंत संपलेला असतो. वळणाचा शेवट बघायचा, दिसत नसेल तर दिसेल तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग.

नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, गळीत हंगाम सुरू झाला, आणि आमच्या भागातल्या रस्त्यांचं रूपच बदललं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागं धड लाल दिवा नाही, वळणावर सांडलेलं उसाचं वाडं, आणि ओल्या फडातून बाहेर येताना चाकांनी रस्त्यावर आणलेला काळा चिखल. गगनबावडा रस्त्यावर कळे गावाच्या पुढं एका सकाळी मी उजव्या वळणात होतो, आणि सावलीतला तो चिखल मला उशिरा दिसला. मागचं चाक डावीकडं निघालं. वीतभर असेल, एक क्षण असेल. मी काहीच केलं नाही. मूठ होती तशी राहिली, हात सैल राहिले, नजर वळणाच्या शेवटी राहिली, गुडघ्यांनी टाकी धरली, पाय पायदानावरच होता. चाक चिखल ओलांडून डांबरावर आलं आणि आपोआप रांगेत आलं. पुढं अर्ध्या किलोमीटरवर थांबून मी उसाचा रस प्यायलो. हात बघितले, थरथरत नव्हते. टोपच्या खाणीत हजार वेळा ते चाक असंच निघालं होतं.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, आता चल.

ती म्हणाली, “येतो की. पण आधी ते निळं लावून दाखवा मला.” आमच्याकडच्या बायका येतो, जातो असंच म्हणतात.

रविवारी सकाळी शेड उघडली. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी कंपनीनं सांगितलेली हवा भरली, ब्लूचा हात दिला, नवा चार्ट पेपर अंथरला. मी पुढं बसलो, ती मागं, पोरानं होइस्ट हळूहळू सोडला. पुन्हा उचलल्यावर ती वाकून बघायला लागली. डाग रुंद होता, लांबीला मात्र फारसा नाही. तिनं त्यावर तळहात ठेवला, बोटं मिटून.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि पुढचं?”

“पुढचं याच्यापेक्षा लहान.”

ती थोडा वेळ तशीच वाकून उभी होती. मग कॉटन वेस्ट रॉकेलमध्ये बुडवून तिनं हात पुसले. ब्लू काही लवकर निघत नाही, रेषांमध्ये राहतोच. हेल्मेट उचललं आणि पट्टा लावता लावता म्हणाली, “साळवणला चहाला थांबायचं. आणि अहो, चिखल दिसला की मला आधी सांगायचं.”